दूधसागरच्या वाटेवर डब्याचा प्रकार महत्त्वाचा ठरतो का?

खानापूरकर:
पावसाळ्यात आईवडिलांना घेऊन बेळगावहून लोंढामार्गे मडगावला जाण्याचा विचार आहे. दूधसागर नीट दिसावा, एवढीच त्यांची इच्छा आहे. वातानुकूलित डबा घ्यावा की साधा शयनयान? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

लोंढेकर:
माझ्या मते शयनयानच घ्यावा. कॅसलरॉक ते कुळे या सुमारे २६ किलोमीटरच्या घाटात ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र उतार असल्यामुळे गाडी अगदी सावकाश चालते, आणि उघड्या खिडकीतून धबधब्याचे तुषार, त्याचा आवाज आणि रानाचा ओला वास थेट आत येतो. बंद काचेवर बाष्प धरले, की यांतले काहीच उरत नाही. बोगद्यांच्या भिंती जवळ असल्याने हात मात्र बाहेर काढू नये.

निपाणीकर:
माझे मत थोडे वेगळे आहे. बंद काचेचा डबाही चांगला असू शकतो. तुमच्या वाटेवर नव्हे, पण कोकण रेल्वेवर २०१७ मध्ये दादर–मडगाव जनशताब्दीला व्हिस्टाडोम डबा जोडला गेला. मोठ्या खिडक्या, काचेचे छत आणि फिरणारी आसने यांमुळे गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही जागेवर बसून डोंगरमाथे दिसतात. दूधसागर सुमारे ३१० मीटर उंच आहे. साध्या खिडकीतून त्याचा माथा पाहण्यासाठी मान वाकवावी लागते.

खानापूरकर:
दोघांचेही आभार. वडिलांना वारा हवा असतो, म्हणून शयनयानाचेच, परंतु दिवसा घाट उतरणाऱ्या गाडीचे आरक्षण करतो.

लोंढेकर:
योग्य निर्णय. रात्रीच्या गाडीत कोणताही डबा घेतला, तरी बाहेर काळोखच असतो.