सांगलीत गावभागात तळमजल्यावर घर घेतलंय, पुराची तयारी काय करू?

मूळचा खटावकडचा, आमच्याकडं टँकर यायचा, पुराचा अनुभव शून्य. मालक म्हणतात २०१९ ला खिडकीपर्यंत पाणी होतं. भिंतीवर डाग अजून दिसतोय रंगाखालून. जुलैच्या आधी काय काय करायचं?

कृष्णाकाठ:
पहिलं म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी रोज बघत जा. ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं. आणि आकाशाकडं बघू नका हो, इथं ऊन पडलेलं असतं आणि पाणी वाढत असतं, कारण पाऊस पडतो महाबळेश्वर नवजाला, कोयना धरणाच्या पाणलोटात. धरणातून विसर्ग वाढला की समजायचं. तिथून पाणी यायला वेळ लागतो, तोच आपला वेळ. पण वारणेलाही त्याचवेळी पूर असला तर हरिपूरला, जिथं ती कृष्णेला मिळते, तुंब लागतो आणि मग पाणी हलतच नाही.

मिरजवाला:
पाणी दारातून नाही, आधी संडास-बाथरूमच्या पाइपातून येतं. आम्ही वाळूची पिशवी प्लास्टिकात गुंडाळून संडासाच्या भांड्यावर ठेवलेली. सिलेंडर बांधून ठेवा, तरंगतो. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच वर न्या, आमची गेली.

कृष्णाकाठ:
बरोबर. आणि नंतरचा चिखल ओला असतानाच काढा, वाळला की कुदळ लागते. साप असतात, काठी घेऊन आत शिरा.

प्रश्नकर्ता:
वरच्या मजल्यावरच्या काकूंना आजच विचारतो, जिन्यात कपाट ठेवू देतात का.