मदत हवी आहे: चार महिन्यांच्या पिल्लाला 'सिट' आणि 'कम' शिकवायची सुरुवात कशी करू?

धागाकर्ता:
लॅब्रेडॉरचं पिल्लू आहे, वय चार महिने, लसी झाल्या आहेत. हातात खाऊ दिसला की 'सिट' म्हटल्याबरोबर बसतं. हात रिकामा असला की ढिम्म. बोलावलं की उलट दिशेला धूम ठोकतं. फिरायला नेलं की पट्टा ताणून पुढे पळतं. घरात कुणी 'सिट' म्हणतं, कुणी 'बस', कुणी 'खाली बैस'. नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने करायचं? रोज किती वेळ द्यायचा?

प्रतिसाद १:
आधी एकच शब्द ठरवा आणि तो घरातल्या सगळ्यांना पाळायला लावा. एका वेळी ३ ते ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाच्या आधी. खाऊ मऊ हवा आणि तुकडा वाटाण्याएवढा. कडक बिस्किट दिलं की निम्मा वेळ चुरा हुंगण्यात जातो. हा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करा, लॅब्रेडॉरचं वजन झपाट्याने वाढतं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा मात्र कधीच नको, कुत्र्यांना ते विषारी असतं.

आता मुख्य अडचण. तुमच्या पिल्लाला 'सिट' अजून कळलेलंच नाही, ते खाऊ बघून बसतंय. तुकडा चिमटीत धरून नाकाला जवळजवळ टेकवा आणि तिथून डोक्यावरून शेपटीच्या दिशेने सावकाश न्या. नाक वर गेलं की मागचा भाग आपोआप खाली जातो. तो जमिनीला टेकताक्षणी 'यस' म्हणा आणि लगेच तुकडा द्या. दोन-तीन सेकंद उशीर केलात तर पिल्लू तोवर उठलेलं असतं आणि बक्षीस उठण्याला मिळतं. पिल्लू उड्या मारत असेल तर तुमचा हात फार उंच आहे. मागे सरकत असेल तर भिंतीच्या कोपऱ्याकडे पाठ करून उभं करा.

हे पाच-सहा वेळा जमलं की खाऊ दुसऱ्या हातात, पाठीमागे. पहिल्या, रिकाम्या हाताने तीच खूण करा. बसलं की 'यस', मग मागच्या हातातून तुकडा. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग 'खाऊशिवाय ऐकत नाही' म्हणतात.

शब्द सगळ्यात शेवटी. 'सिट' एकदाच म्हणा, सेकंदभर थांबा, मग खूण. दोन्ही एकदम केलं तर कुत्रं हात बघतं, शब्दाकडे त्याचं लक्षच जात नाही.

प्रतिसाद २:
एवढं कशाला? कंबर दाबून बसवा, दोन दिवसांत शिकेल.

प्रतिसाद १:
दाबलं की कुत्रं उलट जोर लावून उभं राहतं. शिवाय या वयात सांधे कच्चे असतात. नकोच ते.

प्रतिसाद ३:
'कम'बद्दल लिहितो. लांब पळतं म्हणजे येण्याचा शेवट त्याला आवडत नाही. बोलावून पट्टा अडकवला, आंघोळीला नेलं, रागावलं, असं होतंय का ते बघा. अशा कामांसाठी हाक न मारता स्वतः उठून त्याच्याजवळ जा. मागे धावू तर मुळीच नका, त्याच्या दृष्टीने तो पकडापकडीचा खेळ होतो.

सराव घरात, दोन-तीन पावलांवरून सुरू करा. एकदाच हाक मारा आणि पाठमोरे होऊन चार पावलं पळा, पिल्लू मागे येतंच. आलं की गळपट्टा हलकेच धरा, धरलेला असतानाच तुकडा द्या आणि सोडून द्या. गळपट्टा धरण्याची सवय झाली नाही, तर ते हातभर अंतरावर येऊन थांबतं आणि तुम्ही वाकलात की निसटतं. बाहेर ५ ते १० मीटरची लांब दोरी लावा, ती छातीच्या हार्नेसला. गळपट्ट्याला लावली तर धावताना मानेला हिसका बसतो. येणारच नाही अशी खात्री असेल तेव्हा हाक वाया घालवू नका.

पट्ट्याचं सोपं आहे, फक्त कंटाळवाणं. ताणला की जागच्या जागी थांबा, सैल झाला की चाला. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ओढत जाऊ द्यायचं, असं झालं की ओढणं आणखी पक्कं होतं.

धागाकर्ता:
पुढच्या पायरीवर जायचं कधी? आणि स्वयंपाकघरात बसतं पण दारात बसत नाही, हे का?

प्रतिसाद १:
पाचपैकी चार वेळा जमलं तर पुढे. तीनदा जमलं तर तिथेच थांबा. त्याहून कमी तर एक पायरी मागे. दाराचं म्हणाल तर कुत्र्यासाठी नवी जागा म्हणजे जवळजवळ नवा धडा. तिथे पुन्हा खाऊ धरलेल्या हातापासून सुरू करा, या वेळी लवकर जमेल. अंतर, वेळ आणि आजूबाजूची गडबड यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवा. दारात गडबड वाढतेय, म्हणून आधी दार बंद ठेवून, मग अर्धं उघडून, आणि पाहुणे सगळ्यात शेवटी.