मदत हवी आहे : जपानमध्ये ओळखीची कोणती कागदपत्रं सतत जवळ ठेवावी लागतात? (आई ९० दिवसांच्या व्हिसावर, बाळ पुढच्या महिन्यात)

नमस्कार मंडळी,

आम्ही तोक्योत एदोगावा भागात राहतो. नवऱ्याची नोकरी इथे, मी डिपेंडंट व्हिसावर. तीन वर्षं होत आली. डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. बाळंतपणासाठी माझी आई साताऱ्याहून आली आहे. तिला ९० दिवसांचा व्हिसा मिळाला.

गेल्या आठवड्यात जे झालं त्यावरून हा धागा काढते आहे. आई रोज सकाळी नदीकाठी फिरायला जाते. त्या दिवशी परत येताना स्टेशनजवळ दोन पोलिसांनी तिला थांबवलं. त्यांच्या बोलण्यातला 'पासुपोओतो' एवढाच शब्द तिला कळला. पासपोर्ट घरी होता, कपाटात, साड्यांच्या घडीखाली. परमुलखात तो हरवला तर काय करायचं, म्हणून तिनेच तो जपून ठेवला होता. तिने पाकिटातून आधार कार्ड काढून दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. पाकिटात माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, त्यावर त्यांनी फोन केला. मी पासपोर्ट घेऊन पोचेपर्यंत वीस मिनिटं ती फुटपाथच्या कडेला साडीवर स्वेटर घालून हात बांधून उभी होती. पोलीस अगदी नम्र होते. पासपोर्टमधला विमानतळावर चिकटवलेला स्टिकर पाहिला, काहीतरी लिहून घेतलं, पुढच्या वेळी जवळ ठेवा असं सांगितलं आणि वाकून नमस्कार करून गेले.

पण घरी आल्यावर आई म्हणाली, "मी काय चोरी केली होती का गं?" त्या दिवसापासून ती एकटी बाहेर पडलेली नाही. दिवसभर घरात बसून असते, आणि ते मला बघवत नाही.

तिने नेमकं काय जवळ ठेवायचं? पासपोर्टची झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालतो का? मी स्वतः फक्त रेसिडेन्स कार्ड घेऊन फिरते, पासपोर्ट घरी असतो. हे बरोबर आहे ना? की दोन्ही लागतं?

दुसरा विषय बाळाचा. इथे जन्मलं तरी ते भारतीयच असणार, जपानी नागरिकत्व मिळत नाही, एवढं मला माहीत आहे. पण जन्मल्या क्षणी त्याच्याकडे पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, काहीच नाही. आधी काय करायचं, इमिग्रेशन की भारतीय दूतावास? एक जण म्हणतात पासपोर्टशिवाय इमिग्रेशनला जाऊ नका, दुसरे म्हणतात थांबलात तर मुदत संपेल. माझी झोप उडाली आहे.

आणि नाव. मुलगी झाली तर 'यज्ञा' ठेवायचं मनात आहे. आपण स्पेलिंग करताना डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय. जपानीत तर तिसरंच काहीतरी होईल. शिवाय मधलं नाव वडिलांचं लावायचं की नाही? माझ्या पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे, त्याने काही अडेल का?

ज्यांची मुलं जपानमध्ये झाली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. जपानबाहेरच्यांचे अनुभवही चालतील, पण नियम जपानचे हवे आहेत.

प्रतिसाद (तोक्यो, अकरा वर्षं)

ताई, आधी आईंना सांगा की त्यांनी काही गुन्हा केलेला नाही. इथे पोलीस कुठल्याही परदेशी माणसाला ओळखपत्र विचारू शकतात. मला अकरा वर्षांत चार वेळा विचारलं आहे, त्यातलं एकदा ऑफिसच्या दारात.

आता नियम. १६ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने पासपोर्ट जवळ ठेवलाच पाहिजे. ज्याला रेसिडेन्स कार्ड, म्हणजे झाइर्यू कार्ड मिळालं आहे, त्याने कार्ड जवळ ठेवायचं, मग पासपोर्ट लागत नाही. म्हणजे तुम्ही करताय ते बरोबर आहे. आईंना ९० दिवसांच्या व्हिसावर हे कार्ड मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी मूळ पासपोर्ट हेच एकमेव ओळखपत्र. झेरॉक्स चालत नाही, मोबाईलमधला फोटो चालत नाही. कायद्यात कार्ड जवळ नसेल तर दोन लाख येनपर्यंत आणि पासपोर्ट जवळ नसेल तर एक लाख येनपर्यंत दंड आहे. तुमच्यासारख्या प्रसंगात बहुतेक वेळा समज देऊन सोडतात, पण त्या भरवशावर राहू नका. रेसिडेन्स कार्ड जवळ असूनही दाखवायला नकार देणं ही मात्र वेगळी आणि जास्त गंभीर गोष्ट आहे, त्यात तुरुंगवासही होऊ शकतो.

हे कार्ड जुलै २०१२ पासून आलं. त्याआधी महापालिकेकडून मिळणारं परदेशी नोंदणी कार्ड असायचं. अजूनही जुने लोक त्याच नावाने बोलतात, गोंधळू नका.

मी माझ्या आईसाठी काय केलं ते सांगतो. गळ्यात घालायची कापडी पिशवी शिवून घेतली, पासपोर्ट जाईल एवढी, ती ब्लाऊजच्या आत राहते. त्यात एका कार्डावर जपानीत लिहून ठेवलं : माझं नाव, पत्ता, फोन, 'मी मुलाकडे राहायला आले आहे, मला जपानी येत नाही'. आई रोज देवाला नमस्कार करून ती पिशवी घालायची आणि एकटी बाजारात जायची. पहिल्या पानाची आणि त्या स्टिकरची झेरॉक्स मात्र घरी वेगळी ठेवा. ओळख म्हणून नाही, मूळ पासपोर्ट हरवला तर पोलिसांत नोंद करायला आणि नंतर दूतावासात उपयोगी पडते.

प्रतिसाद (नागोया)

बाळाच्या बाबतीत लिहिते. माझी मुलगी इथेच झाली, त्यामुळे हा सगळा फेरा मी केला आहे.

तुमच्या दोन्ही सल्लागारांपैकी दुसरे बरोबर आहेत. पासपोर्टची वाट पाहू नका.

पहिलं काम कुयाकुशो, म्हणजे आपल्या वॉर्डाचं कार्यालय. जन्माचा दिवस धरून १४ दिवसांत जन्माची नोंद करायची. हॉस्पिटलमधून एक मोठा कागद मिळतो. उजवी अर्धी बाजू डॉक्टर किंवा सुईण भरते, डावी अर्धी आईवडिलांनी भरायची. तो कागद देऊन टाकायच्या आधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. मूळ कागद कुयाकुशोकडे जातो, परत मिळत नाही. मी काढली नव्हती, नंतर दोन चकरा पडल्या. तिथेच 'नोंद स्वीकारली' असा दाखला मागून घ्या, दोन-तीन प्रती घ्या. इमिग्रेशनला लागतो, दूतावासात इंग्रजी भाषांतरासह लागतो. बोशी तेचो, म्हणजे आई-बाळाची वही, सोबत न्या. त्यात नोंदीचा शिक्का मारून देतात. बाल भत्ता, आरोग्य विमा आणि लहान मुलांच्या औषधोपचाराचं कार्ड यांचे अर्जही त्याच फेरीत उरकून टाका. भत्त्याच्या अर्जाला पंधरा दिवसांची मुदत असते, उशीर झाला तर तेवढ्या महिन्यांचे पैसे जातात.

मग बाळाच्या व्हिसाचा अर्ज करायला इमिग्रेशन, जन्मापासून ३० दिवसांच्या आत. तुमच्यासाठी शिनागावा स्टेशनच्या कोनान बाजूने बस मिळते. पासपोर्ट अजून नसेल तर 'दूतावासाकडून मिळायचा आहे' असं कारण लिहून द्यायचं, चालतं. या अर्जाला फी नाही. बाळाच्या कार्डावर फोटो नसतो, आणि ते त्याच्या खिशात ठेवायची सक्तीही नाही, १६ वर्षांखाली ती सूट आहे. जन्मापासून ६० दिवस बाळ व्हिसाशिवाय राहू शकतं, पण त्यावर विसंबून ३० दिवसांची मुदत घालवू नका. साठ दिवसांत काही मिळालं नाही तर कुयाकुशोच्या नोंदीतूनही नाव निघतं आणि मग विम्यापासून सगळं अडतं.

भारताच्या बाजूने मुदत एक वर्षाची आहे. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत दूतावासात करायची आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. एक वर्ष म्हणजे भरपूर वेळ असं वाटतं, पण रात्रीची जागरणं सुरू झाली की महिने कसे जातात ते कळत नाही. मी तिसऱ्या महिन्यात केलं आणि ते बरं झालं.

प्रतिसाद (तोक्यो, अकरा वर्षं)

नागोयाच्या ताईंनी उत्तम लिहिलं आहे. नावाबद्दल माझं एक कळकळीचं सांगणं : स्पेलिंग हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत पक्कं करा.

जन्माच्या नोंदीत नाव काताकाना लिपीत लिहावं लागतं, पण परदेशी मुलांसाठी शेजारी रोमन अक्षरंही लिहिता येतात. ती लिहाच, आणि पासपोर्टवर हवीत तशीच लिहा. कारण पासपोर्ट नंतर येणार आणि झाइर्यू कार्ड आधी येणार. कार्डावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरं झालं की ते जुळवून घेण्यात महिने जातात. काताकानात 'ज्ञ' येतच नाही, तुम्ही 'यादोन्या' किंवा 'याग्या' असं जवळचं काहीतरी ठरवाल. शाळेत आणि दवाखान्यात तिला त्याच नावाने हाक मारतील, म्हणून स्वतः मोठ्याने म्हणून बघा आणि जो उच्चार कानाला आपला वाटेल तो घ्या.

मधल्या नावाचंही तसंच. पासपोर्टवर वडिलांचं नाव हवं असेल तर इथल्या नोंदीतही पहिल्या नावाला जोडून लिहा. इथे मधल्या नावासाठी वेगळा रकाना नसतो. आम्ही लावलं नाही, आडनाव आणि नाव एवढंच ठेवलं, कारण इथले छापील अर्ज आपल्या लांब नावांसाठी केलेले नाहीत. माझं स्वतःचं नाव बँकेच्या कार्डावर अर्ध्यात तुटलं आहे. पण हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, सासूबाईंना विचारून ठरवा.

तुमचं माहेरचं नाव असल्याने नोंद अडत नाही. नोंदीत तुमचं नाव पासपोर्टप्रमाणेच जातं. दूतावासात विवाहाचा दाखला लागेल, त्याच्यावरच्या तुमच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का तेवढं आजच बघा.

प्रतिसाद (योकोहामा)

बाकी सगळं वर आलंच आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

माय नंबर कार्ड (इथलं सरकारी ओळख क्रमांकाचं कार्ड) म्हणजे झाइर्यू कार्ड नव्हे. पोलिसांनी विचारलं तर ते चालत नाही. आणि व्हिसा वाढवून नवीन कार्ड मिळालं तरी माय नंबर कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही. जुनी मुदत संपायच्या आत कुयाकुशोत जाऊन वाढवावी लागते. डिसेंबर २०२४ पासून विम्याची जुनी कार्डं नव्याने देणं बंद झालं आहे, त्यामुळे दवाखान्यात हेच कार्ड पुढे करायची सवय लागते आणि मुदत संपलेली तिथे कळते. बाळंतपणाच्या तोंडावर तुमचं आणि नवऱ्याचं दोन्ही तपासा.

दुसरं आईंबद्दल. त्यांचे ९० दिवस कधी संपतात ती तारीख त्या स्टिकरवर छापलेली असते. बोटांवर मोजू नका, छापलेली तारीख वाचा आणि परतीचं तिकीट तिच्या आतलं ठेवा. बाळ लहान आहे म्हणून मुदत वाढेल असं गृहीत धरू नका. त्यांना क्योतो वगैरे दाखवायला नेलं तर हॉटेलात पासपोर्ट मागून त्याची झेरॉक्स काढतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. जपानमध्ये पत्ता नसलेल्या प्रत्येक परदेशी पाहुण्यासाठी तो नियम आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. विवाहाच्या दाखल्यावर माझ्या नावात एक 'ए' जास्त आहे हे आम्हाला पहिल्यांदाच दिसलं. त्याचं काय करायचं ते विचारायला उद्या कुदानशिताला दूतावासात जातो आहे. कोणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा, म्हणजे जायच्या आधी तयारी करता येईल.

माय नंबर कार्डाची मुदत नवऱ्याची डिसेंबरमध्ये संपते आहे. योकोहामाच्या दादांनी लिहिलं नसतं तर लक्षातच आलं नसतं.

पिशवीचं आईला सांगितलं. तिने दुपारीच माझ्या जुन्या खणाच्या ब्लाऊजपीसची शिवली, वर चेन लावली. जपानी चिठ्ठी शेजारच्या आजींनी त्यांच्या हाताने लिहून दिली. आज सकाळी आई गेली होती नदीवर. मी खिडकीतून बघत होते, वळणावर तिने एकदा गळ्याशी हात नेऊन चाचपून पाहिलं आणि पुढे गेली.