२०२५ : शब्दांशिवायचं संगीत. तुमची एक जागा सांगा

मंडळी, वर्षभरातल्या गाण्यांच्या याद्या सगळीकडे निघतात. इथे गाणी बाजूला ठेवू या. २०२५ मध्ये सिनेमाचं पार्श्वसंगीत किंवा एखादा वाद्यवृंद ऐकताना तुम्ही जिथे थबकलात, ती एकच जागा सांगा. 'जागा' गाणाऱ्यांच्या अर्थाने, म्हणजे सुरांचा मनात घर करून राहणारा नेमका क्षण. सिनेमा नवाच हवा असं नाही, जुना या वर्षी पुन्हा पाहिला असेल तर तोही चालेल. फक्त कुठे बसून ऐकलंत, कोणतं वाद्य होतं आणि नेमकं काय झालं ते सविस्तर लिहा. नुसतं 'छान होतं' म्हणून सोडू नका.

हे विचारायचं कारण आहे. मैफलीतली एखादी हरकत, सुरांची छोटीशी फिरत, आपण तीस तीस वर्षं एकमेकांना ऐकवतो. सिनेमातला प्रसंगही आठवतो, पण त्या प्रसंगाखाली काय वाजत होतं ते कुणाला सांगता येत नाही. डोळ्यांत पाणी आलेलं असतं ते बऱ्याचदा त्यामुळेच.

सुरुवात मी करतो.

७ फेब्रुवारीला 'इंटरस्टेलर' आयमॅक्सवर पुन्हा लागला. २०१४ मध्ये माझा तो राहून गेला होता. धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, यात ऑर्गन आहे, तुम्ही यायलाच हवं." मी वीसेक वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो. आपल्याकडे ऑर्गन म्हणजे पायपेटी. पायांनी भाता चालवायचा, हातांनी गाणाऱ्याच्या मागे राहायचं. या सिनेमातला ऑर्गन वेगळ्या घराण्यातला. लंडनच्या टेंपल चर्चमधला तो पाइप ऑर्गन मुळात स्कॉटलंडमधल्या एका उमरावाच्या नाचघरासाठी १९२० च्या दशकात बांधलेला. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात चर्चचा जुना ऑर्गन जळाला, आणि पुढे १९५३ च्या सुमाराला हा तिथे आला. सिनेमासाठी तो रॉजर सेयर यांनी वाजवला. संगीतकार हान्स झिमर यांना दिग्दर्शक नोलन यांनी आधी सिनेमाचा विषयसुद्धा सांगितला नव्हता. बाप आणि मूल यांच्याबद्दलचं एक पान हातात दिलं आणि एक दिवस दिला. सगळं संगीत त्या एका दिवसाच्या कामातून वाढलेलं आहे.

माझी जागा म्हणजे गरगर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकाला यान जोडायचा प्रसंग. ऑर्गन तीच आकृती पुन्हा पुन्हा घेतो आणि दर वेळी एकेक थर चढवतो. खर्ज कानाच्या आधी खुर्चीला कळतो. लोक म्हणतात की या सिनेमात संगीतामुळे संवाद बुडतात. बुडतातच, पण मला ते खटकलं नाही, कारण मी संवाद ऐकतच नव्हतो. मी हवा ऐकत होतो. पायपेटीवर लांब सूर धरला की पायाला क्षणभरही उसंत नसते. भाता जरा रिकामा झाला की सूर खाली बसतो आणि पुढे उभ्या नटाचा श्वास उघडा पडतो. पडद्यावर माणसं मोजक्या हवेवर जगत होती आणि खाली एक प्रचंड वाद्य हवेवरच चाललं होतं. प्रसंग संपला तेव्हा लक्षात आलं, माझा उजवा पाय जमिनीवर सारखा दाबला जात होता. मुलीने पाहिलं होतं. ती काही बोलली नाही, तिने नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सप्टेंबरात ती शिकायला जर्मनीला गेली.

आता तुम्ही लिहा.

*

कोल्हापुरात तबला शिकवतो. माझी जागा सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतो. मे महिन्यात 'मिशन इम्पॉसिबल'चा नवा भाग आला, आणि २६ जूनला ती मूळ धून करणारे लालो शिफ्रिन गेले. ९३ वर्षांचे होते. धून १९६६ ची, दूरचित्रवाणी मालिकेसाठी केलेली.

बातमी वाचली त्याच आठवड्यात क्लासच्या मुलांना ती ऐकवली आणि विचारलं, ताल कोणता? दोघं लगेच म्हणाले, झपताल. दहा मात्रा मोजल्या होत्या, त्या बरोबर. पण झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन. 'धी ना, धी धी ना' म्हणत तुम्ही या धुनेबरोबर टाळी द्यायला लागलात की दुसऱ्याच खंडाला पाय घसरतो. ही तीन-तीन-दोन-दोन आहे. तकिट तकिट तक तक. दोन लांब, दोन आखूड. तारेच्या मोर्स लिपीत दोन लांब म्हणजे 'एम' आणि दोन आखूड म्हणजे 'आय', सिनेमाच्या नावाची आद्याक्षरं. मुलांना हे सांगितल्यावर जो गलका झाला तो विचारू नका.

अर्धा तास आम्ही फक्त टाळ्या दिल्या. एक नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "सर, सम कळते, पण तिथे पोचेपर्यंत भीती वाटते." माझी जागा तीच. शेवटचे दोन 'तक' लवकर येतात, आणि समेवर आपण जरा ढकलल्यासारखे पोचतो. १९९६ च्या सिनेमाच्या वेळी ही धून नाचायला सोयीची म्हणून चार मात्रांत बसवून काढली होती. ती गाजली खूप, पण त्यात ही भीती उरली नाही.

*

लंडनहून. ८ मार्चला हॅमरस्मिथच्या इव्हेंटिम अपोलोत तमिळ सिनेसंगीतकार इळैयाराजा यांची 'व्हॅलियंट' ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली. वादक रॉयल फिलहार्मोनिकचे, संचालन मिकेल टॉम्स यांचं. मी मूळची सोलापूरची, तमिळ ओ की ठो कळत नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीने ओढून नेलं.

चार भागांची सिम्फनी एकदाच ऐकून त्यातली जागा सांगणं मला जमणार नाही. लक्षात राहिलं ते वेगळंच. एका हळुवार ठिकाणी सगळ्यांनी एकदम पान उलटलं आणि तो कागदांचा आवाज वर बाल्कनीत आमच्यापर्यंत आला. तेवढ्या सगळ्या कागदांवरचा सूर न् सूर पण्णैपुरम नावाच्या खेड्यात जन्मलेल्या ८१ वर्षांच्या माणसाने लिहिलेला होता. मैत्रीण रडत होती. मी तिला काही विचारलं नाही.

*

मडगाव. डिसेंबरात 'शोले' पुन्हा लागला, फोर-के करून, मूळ शेवटासकट. शेजारच्या अंकलांना घेऊन गेले. वय ८६. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, आणि व्हायोलिन शिकले, अठराव्या वर्षी मुंबईला गेले आणि पुढे तीस वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवत राहिले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात भारतीय संगीत मोठ्या वाद्यवृंदावर बांधून सादर केलं होतं, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना घेऊन. तेव्हा अंकल मागे उभे राहून ऐकत होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल या गोन्साल्विसांचे शिष्य. गोव्यातून गेलेल्या अशा किती जणांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला, आणि पडद्यावर नावं लागायची ती फक्त संगीतकारांची. अंकलांचं नाव एकाही सिनेमाच्या पाटीवर नाही. याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना वाटतं की नाही ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

पंचमदांचं संगीत सुरू झालं आणि अंकल माझ्या कानाशी लागून एकेक वाद्य सांगू लागले. "आयक, होर्न." "आतां गितार." पुढच्या रांगेतल्या माणसाने एकदा मागे वळून पाहिलं, तेव्हा मी त्याला हात जोडले. जय ओसरीत बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा एकेक दिवा मालवते, तिथे अंकल नुसते "भानू गुप्ता" म्हणाले आणि गप्प झाले. तो माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवलेला आहे.

पण माझी जागा दुसरीच. ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो प्रसंग. गोळीबार संपतो आणि अंगणातला रिकामा झोपाळा करकरत राहतो. मी हा सिनेमा निदान दहा वेळा पाहिला असेन, पण तिथे काही वाजत नाही हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. अंकल कुजबुजले, "आतां कोणूच ना." म्हणजे वाद्यवृंदातलं कुणीच नाही. तीस वर्षं स्टुडिओत बसलेल्या माणसाला लगेच कळलं की आता सगळ्यांनी गज खाली ठेवलेत.

*

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी करमाळा तालुक्यातला. 'सैराट' आमच्याकडे शूट झाला. २०१६ मध्ये पाहिला तेव्हा अकरावीत होतो, थिएटरात खुर्च्यांवर उभे राहून नाचलो होतो. यंदा मार्चमध्ये पुन्हा लागला तेव्हा शांत बसून पाहिला.

अजय-अतुल यांनी त्याचं संगीत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर अख्खा वाद्यवृंद बसवून रेकॉर्ड केलं. तिथे रेकॉर्डिंग झालेला हा पहिला भारतीय सिनेमा. तेव्हा काही जण म्हणाले होते, आपल्या मातीतल्या गोष्टीला ही परदेशी व्हायोलिनं कशाला? मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर मुळीच पटत नाही. सोळाव्या वर्षी पोरगी पहिल्यांदा वळून बघते तेव्हा उसाच्या फडावर तेवढाच मोठा आवाज भरून येतो. 'याड लागलं'मध्ये व्हायोलिनं येतात ती त्या वयाच्या मापाची आहेत.

आणि शेवट. ते लहान पोरगं रक्तात पाय भरवून बाहेर येतं, तोंड उघडून रडतं, आणि आवाजच नाही. अडीच तास ज्या वाद्यवृंदाने आपल्याला उचलून धरलं तो तिथे पाठ फिरवतो. आमच्या गावाकडच्या थिएटरात तेव्हा फक्त भिंतीवरचे पंखे ऐकू येत होते. बाहेर आल्यावर मित्राने गाडीला किक मारली तर मी दचकलो.

*

सांगली. झपतालाचं एकदम पटलं, काल पोळ्या लाटताना तकिट तकिट तक तक चाललं होतं.

माझी जागा वर्षाच्या पहिल्या दिवशीची. व्हिएन्नाची नववर्ष मैफल आपल्याकडे दुपारी पावणेचारला सुरू होते, मुलगा लॅपटॉपवर लावून देतो. योहान स्ट्राउसच्या जन्माला २०२५ मध्ये २०० वर्षं झाली, त्यामुळे यंदा त्याचा मान होता. संचालक रिकार्दो मुती. पण मी ऐकायला बसले होते ते कॉन्स्टान्झ गायगर हिच्यासाठी. १८३५ मध्ये जन्मलेली, लहान वयात वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचं नाचाचं संगीत, लिहिणारी मुलगी. या मैफलीत बाईने रचलेली चीज वाजण्याची ही पहिलीच वेळ. मी ३१ वर्षं शाळेत संगीत शिकवलं, आणि माझ्या वहीत मुलींनी बांधलेल्या चाली अजून आहेत. वॉल्ट्झ फार मोठा नाही. संपल्यावर मी तो मागे नेऊन लगेच पुन्हा ऐकला.

*

डोंबिवली. मी यंदा पहिल्यांदा वाद्यवृंद समोर बसून ऐकला. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल होती, सप्टेंबरात, बाहेर धो धो पाऊस. छत्री कुठे ठेवायची, टाळ्या कधी वाजवायच्या, याच काळजीत मी होते.

सगळे आपापलं काहीतरी वाजवत होते, बाजारासारखा गोंगाट. मग एकदम शांत झालं आणि ओबो या फुंकीच्या वाद्यावर एकच सूर आला. बारीक, सरळ, जरा नाकातला. त्या सुरावर आधी बाकीची फुंकीची वाद्यं आली, मग व्हायोलिनं, व्हायोला, चेलो, आणि सगळ्यात खाली डबल बास. मी गाणं शिकते, तानपुरा जुळताना ऐकायची सवय आहे. चारही तारा लागल्या की जो गोल होतो तो मला माहीत होता. पण इतकी माणसं एका माणसाचा सूर ऐकून त्यात शिरताहेत हे कधी पाहिलं नव्हतं. संचालक अजून मंचावर यायचे होते. माझ्या दृष्टीने मैफल तिथेच लागली होती.

पुढचं सगळंही आवडलं, पण मी त्या सुरापाशीच राहिले. परतीच्या लोकलमध्ये तो धरून ठेवला होता. घरी पोचल्यावर ओल्या कपड्यांनीच पेटी उघडली आणि शोधला. पांढरी सहा. माझा जरासा उतरला होता.