विभावरी शिरूरकर तुम्हाला कशा भेटल्या?

परवा भिशीत मालतीबाई बेडेकरांचं नाव काढलं, तर तिघींनी विचारलं, "म्हणजे 'रणांगण' कादंबरीवाल्या विश्राम बेडेकरांच्या बायको ना?" म्हटलं, आता धागा काढायलाच हवा. विभावरी शिरूरकर या नावानं लिहिणाऱ्या या बाई तुमच्या हाती कशा लागल्या ते लिहा. त्यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहावर बरंच बोलून झालंय, कादंबऱ्या आल्या तर बरं. मी 'खरेमास्तर' (१९५३) उचललं ते शाळेतल्या गमतीजमती असतील म्हणून! निघाली त्यांच्या वडिलांची गोष्ट. मुलींना शिकवायचंच म्हणून हट्टाला पेटलेला मास्तर. माझ्या बाबांनी मला हॉस्टेलवर सोडलं, तेव्हा आजी त्यांच्याशी दोन महिने बोलली नव्हती. वाचताना तेच डोक्यात.

*

मी सोलापूरची. आमच्याकडे रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढंच सांगायचं, बरोबर नेतो. हे नाव कुठून आलं, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. कॉलेजात सरांनी त्यांची 'बळी' (१९५०) ही कादंबरी वाचायला दिली, आणि कळलं की इंग्रजांनी ज्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची ही जागा. मालतीबाई तिथे नोकरीला होत्या. बाहेरून आलेल्या पाहुणीसारखं लिहिलेलं नाही. हजेरी, कुंपण, आतल्यांची आपसातली भांडणं, सगळं आहे. कीव मात्र कुठेच नाही. पुस्तक परत करायच्या आधी बसनं त्या रस्त्यानं गेले. स्टॉप आला, गेला, मी उतरले नाही. का ते अजून सांगता येत नाही.

*

मी जरा उलटं लिहितो. 'हिंदोळ्यावर' मला जड गेली. १९३४ साली नवऱ्यापासून वेगळी राहणारी अचला दुसऱ्या पुरुषापासून मूल होऊ देते, हे लिहायला छाती लागते, मान्य. पण पात्रं बोलण्याऐवजी चर्चा करतात. दोनदा ठेवली, तिसऱ्यांदा पुरी केली. 'बळी' वरचढ. (मारायला येऊ नका.)

*

आमच्या पणजीकडे यांचं एक पुस्तक 'शिवलीलामृता'च्या बासनात बांधलेलं असायचं. पणजोबांचा दावा, हे बाईनं लिहिलेलंच नाही, कुणीतरी पुरुष नाव बदलून लिहितोय. पणजी म्हणायची, "पुरुषाला हे ठाऊक असतं तर लिहायची वेळच आली नसती." टोपणनावामागे कोण ते फुटल्यावर पणजोबा म्हणे आठवडाभर त्या विषयावर गप्प. पणजी गेल्यावर बासन सोडलं, तर पोथी होती, पुस्तक नव्हतं. कुणी नेलं यावर आत्या आणि काकूचं अजून जुंपतं.

*

'बळी' कुठे मिळेल? मी डब्लिनला असतो. डिसेंबरात पुण्यात येतोय, तेव्हा अप्पा बळवंत चौक पालथा घालीन.

*

जुन्या पुस्तकांच्या दुकानात आधी बघा. नाही मिळाली तर माझी नेऊन वाचा. पान ४० ते ४४ सुटी आहेत, जपून. आणि परत करा, आत्याकाकूंसारखं नको!