झाडीपट्टीचं नाटक रात्रभरच हवं का? आणि मधला तो डान्स?

बांधावरून
आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, म्हणजे झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात. यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री नाटक साडेदहाला सुरू झालं आणि पहाटे पाचला संपलं. मधे नऊ डान्स. मी बोटांवर मोजले. एक प्रसंग सांगतो. आई खाटेवर शेवटच्या घटका मोजतेय, पोरगा औषध आणायला धावतो, आणि तेवढ्यात लाल दिवा लागून डीजेवर गाणं! आई खाटेवरच. दोन बाया तिच्या बाजूनं नाचून गेल्या, मग आईनं खोकला पुढे सुरू केला. माझ्या शेजारची म्हातारी पदर डोळ्याला लावायच्या बेतात होती, तिनं पदर खाली सोडला.
२०२३ साली झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तो मान कशाचा होता? माझं मत सरळ आहे : डान्स बंद करा, नाटक तीन तासांत आटपा.

मंडळाचा खजिनदार
बोलायला सोपं आहे. नाटक वडशाहून, म्हणजे नाटक कंपन्यांच्या गावाहून, ठरवायचं म्हणजे दिवाळीच्या आधी तारीख आणि इसार. मग मंडप, लाइट, कलावंतांचं जेवण. तिकिटं खपली नाहीत तर ती रक्कम कोण भरतो? आम्हीच. त्याच रात्री पाच किलोमीटरवर ‘डान्स हंगामा’चा बॅनर लागलेला असतो. डान्स नाही म्हटलं की पोरांच्या गाड्या तिकडे वळतात. समाजमंदिराचा स्लॅब नाटकाच्या शिलकीतून घातला, हे विसरू नका.

खालच्या टोलीतली
डान्सचं तुमचं तुम्ही पाहा. पण तीन तास? भाऊ, तुमच्या घरी मंडईले पाहुने येत नाही वाटते! आमच्या घरी यंदा सतरा होते. निजाले जागा कोठं? धानाच्या पोत्यावर? नाटक रातभर चालते म्हनून त्यायची रात निघते. आमी बाया दिवसभर वडे तळून थकलो असतो, तिथं पोराले मांडीवर निजवून बसलो का तेवढाच इसावा. आनि दीड वाजता नाटक संपलं त मोहाडीच्या लोकायनं जंगलातून जायचं? वाघ का तुमच्या तिकिटाचा टाइम पाहून फिरते?

पुण्यात राहतो
मी ‘बांधावरून’ यांच्याशी सहमत. गेल्या वर्षी ऑफिसातले दोन मित्र मुद्दाम घेऊन आलो होतो. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी ऐकू येत होता, म्हणून ते हसत होते. नीट तालीम, दोन अंक, बंदिस्त संहिता असती तर हेच नाटक बाहेर दाखवता आलं असतं.

पेटीवाला
बाहेर दाखवायला ते केलेलंच नाही हो. हंगामात आज एका गावी, उद्या दुसऱ्या. दिवसा गाडीत झोप, संध्याकाळी तोंडाला रंग. पुढे तालमीला वेळ कुठला? प्रॉम्प्टर म्हणूनच लागतो. तुमचे मित्र त्याला हसले, पण धानाच्या बांधीत खड्डा खणून त्याच मातीचा स्टेज केलेला असतो आणि समोर हजारभर माणूस थंडीत घोंगडी पांघरून बसलेला असतो, ते त्यांना दिसलं का?
डान्सबद्दल मात्र माझंही दुखणं आहे. पूर्वी पदाला वन्स मोअर मिळायचा. नायकाची तान लांबली की मी पेटीवर तिच्यामागे धावायचो, तबलजी मान डोलवायचा. आता डान्सची वेळ झाली की पेनड्राइव्ह लागतो आणि मी भात्यावर हात ठेवून बसतो. नाईटचे पैसे तेवढेच मिळतात, तक्रार पैशाची नाही.

मंडळाचा खजिनदार
पण नाच आपल्याकडे नवा आहे का? दंडार, खडी गंमत ही आपली जुनी लोकनाट्यं. दंडारीत नाच होता, खडी गंमतीत बाईच्या वेषातला नाच्या होता. तेव्हा कोणी रडलं नाही.

पेटीवाला
होता ना! ढोलकी समोर, शाहीर शेजारी. नाच्या नाचता नाचता पाटलालाही दोन शब्द सुनवायचा. तो गंमतीतलाच माणूस होता. हा डान्स कुठल्याही नाटकात, कुठल्याही पानावर घाला, बसतो. फरक तेवढाच.

बांधावरून
टोलीतल्या ताईंपुढे हरलो. वाघाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, रात्रभर चालू द्या. पण डान्सवर मी ठाम आहे. निदान नऊचे तीन करा, आणि तेही अंक संपल्यावर. आईला सुखानं मरू द्या.

मंडळाचा खजिनदार
तीनवर कंपनीशी बोलून पाहता येईल. पण तेवढी तिकिटं खपवायची जबाबदारी तुमची. रविवारी मारुतीच्या पारावर बैठक आहे, या. येताना यंदाची वर्गणी आणा, वहीत तुमच्या नावापुढे रकाना अजून कोराच आहे.