वॉलबॉल दमलेल्या पायांनीच करा
‘मन घट्ट केलं की शेवटचे वॉलबॉल निघतात’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. वॉलबॉल म्हणजे जड चेंडू धरून स्क्वॉट, म्हणजे खोल बैठक मारायची आणि उठताना तो भिंतीवर उंच खुणेला फेकायचा. हायरॉक्स या शर्यतीत आठ वेळा एक किलोमीटर धावायचं आणि दर किलोमीटरनंतर एक व्यायाम, म्हणजे एक स्टेशन. सातवं स्टेशन म्हणजे १०० मीटर सँडबॅग लंजेस (खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन, दर पावलाला गुडघा टेकवत चालणं), मग आठवा किलोमीटर आणि त्यावर १०० वॉलबॉल. मांड्या पेटलेल्या असतात, स्क्वॉट नकळत उथळ होतो, पंच नो-रेप देतो, म्हणजे ती फेक मोजतच नाही. चेंडू फेकायचे कष्ट झाले, आकडा मात्र तिथेच! जिद्द काय करणार?

आमचे कोच सरावातही उथळ स्क्वॉट मोजत नाहीत आणि वॉलबॉल लंजेसनंतरच लावतात. शिवाय पहिल्यापासून २०-२० चे तुकडे; एका दमात ४० मारून गुडघ्यांवर हात टेकायची चैन नाही. खडूस वाटतं खरं, बॅचमधले दोघंतिघं वैतागून दुसऱ्या जिमला गेलेही.